गुरुवारची वही

गुरुवारी दुपारी बिडी ब्रँचच्या पायरीवर
मी खुर्ची टाकते, एका पायाला सुतळी बांधलेली.
सतरंजी मंडळाची, मशीन मंडळाचं, पेन माझं.
आत चेकर येमूल बिड्यांच्या कट्ट्यावर अंगठा फिरवतो,
म्हणतो, "छाट. पुढल्या वेळी नीट आणा, बघू."
बाहेर मी बायकांचे दंड मोजते.

सुरुवातीला कुणी बसेना.
"हे लावलं की मजुरी कापत्यात का?"
नाही म्हटलं. नरसव्वा म्हणाली, "मग कशाला लावता?"
तिला तेलुगूत सांगितलं अंबुबाई दूडमनं,
पलीकडचीला कन्नडमध्ये मल्लव्वानं.
राबियाला सांगावं लागलं नाही.
तिचा सासरा मागच्या उन्हाळ्यात मागावर वाकला
तो तसाच राहिला, अर्ध्या तोंडाचा.
धोटा धावतच होता म्हणे.
चादरीत वीतभर मोर चुकलेला आला.
ती चादर आता तोच पांघरतो.

वही चौकटीची. नाव, वय, वरचा आकडा, खालचा,
साखर. तंबाखू: हो, नाही.
या रकान्याला बायका हसतात,
"तोंडातली की मांडीवरची?"
सुपातली भुकटी त्यांच्या नखांत, पदरात, लेकरांच्या शिंकेत,
आता मशीनच्या पट्ट्यालाही तोच वास.
त्यांनी वळलेली बिडी लांब कुठल्याशा गावी
कुणाची तरी छाती पोखरत असणार,
हे मला दर गुरुवारी आठवतं
आणि दर गुरुवारी मी ते कुठंच लिहीत नाही.
हजार बिड्यांना जी मजुरी पडते
तिच्यात माझं शहाणपण बसत नाही.

केलं काय काय? फार नाही.
शेंगाचटणी कांडणाऱ्या गटाला म्हटलं, मीठ निम्मं करा.
गिऱ्हाईक तुटलं.
त्यांनी लसूण वाढवला, गिऱ्हाईक परत आलं.
गणपतीच्या पोरांनी डॉल्बी सोडला असं नाही,
डॉल्बी लावलाच,
पण उरलेल्या वर्गणीतून
दवाखान्याच्या चिठ्ठीवरच्या गोळ्यांचा एक डबा भरला.
पट्ट्याचं चिकटणं गेलं तेव्हा
सिद्राम शिंप्यानं टॉवेलची किनार लावून शिवून दिला,
पैसे विचारले तर स्वतःचा दंड पुढं केला.

परवा पुण्याहून संस्थेचा माणूस आला.
वही चाळली, छान म्हणाला, चहा बिनसाखरेचा घेतला.
मग विचारलं, "परिणाम कुठं दिसतो?"
मी पानं उलटली.
अंबुबाई, एकशे नव्वद.
पुढं एकशे सत्तर. पुढं एक गुरुवार कोरा, भावाकडं गेली होती.
पुढं एकशे चाळीस.
तिला काही झालं नाही.
गड्ड्याच्या गर्दीत झालं नाही, मे महिन्याच्या पत्र्याखाली झालं नाही,
नातीच्या बारशाला ती उभ्यानं पंगत वाढत होती
तेव्हाही काही झालं नाही.
हे कुठल्या रकान्यात घालू, दादा?
न वाजलेली ॲम्ब्युलन्स
तुम्हाला कशी ऐकवू?
त्यानं लाभार्थ्यांची बेरीज तेवढी लिहून घेतली.

ब्रँच बंद व्हायची वेळ.
येमूल बाहेर आला, कानामागं पेन्सिल,
वीस वर्षं बायकांचा माल बाजूला सारणारा
तो अंगठा दुसऱ्या हातानं चोळत.
"बघा की माझंबी."
पट्टा फुगला. मशीन कण्हलं.
रिकामी सुपं काखेत धरून बायका थांबल्या,
अगदी गप्प, त्याच्यासमोर उभ्या राहतात तशा.
आकडा आला. मी तो मोठ्यानं वाचला नाही,
वही त्याच्याकडं वळवली.
त्यानं पाहिलं, बराच वेळ.
"छाट?"

मी काही बोलायच्या आत
नरसव्वा म्हणाली,
"पुढल्या गुरुवारी नीट आणा. बघू."