फॉर्म क्रमांक एकशे बारा

एका फॉर्मला अठरा रुपये.
बेंडकुळे सरांनी आदल्या दिवशी फळ्यावर समजावलं:
स्पर्धेनं शहराला काय दिलं, ते मोजायचंय.
म्हणजे बाहेरचा माणूस, बाहेरचा पैसा.
इथलाच माणूस मैदानावर वडापाव खाणार नाही
तर अशोकनगरच्या नाक्यावर खाईल,
रुपया शहराच्या एका खिशातून दुसऱ्या खिशात.
म्हणून प्रश्न पहिला: आपण कुठून आलात?
उत्तर नाशिक असेल तर
आभार मानावेत आणि थांबावं.

सातपूरला मुलींच्या खो-खोचे तीन दिवस.
फक्कीच्या रेषा, खुंटांना नवं पॉलिश,
पहिली पाळी सुटली की कुंपणाच्या भिंतीवर माणसं,
मांडीवर रिकामा डबा, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र.
मी खालून विचारलं, कुठून आलात?
दोंदेकाका म्हणाले, ही काय, मागची चाळ.
रोज येतोय. ती नऊ नंबरची बघितली का?
खो मिळाला की उठते, पण उठताना दिसत नाही.
मी म्हटलं, आभारी आहे.
थांबले.
ते बोलतच होते.

पुण्याच्या एका जोडप्याचा फॉर्म मात्र देखणा झाला:
त्र्यंबक रोडला लॉज, दोन रात्री,
रिक्षा, पंचवटी, मिसळ दोनदा, दीड किलो चिवडा.
एकही चौकोन रिकामा नाही.
उपांत्य सामना कसा वाटला, विचारलं तर
म्हणाले, तेव्हा आम्ही दर्शनाच्या रांगेत होतो.

गेटसमोरचा पंक्चरवाला स्वतःहून बोलावून म्हणाला,
माझंही लिहा. रस्ता बंद,
तीन दिवस हवा भरायला कुणी नाही.
उणे चारशे कुठे लिहायचे, ते सरांना विचारलं.
तो प्रेक्षक नाही, सर म्हणाले.

मग एकशे बारा. सोनकीबाई भोये.
गाव सुरगाण्याच्याही पलीकडे.
प्रवास? संघाच्या टेम्पोत, मागं, चटईवर. शून्य.
मुक्काम? शाळेच्या व्हरांड्यात. शून्य.
जेवण? घरचं बांधून आणलंय. शून्य.
खरेदी?
ती जरा वेळ आठवत राहिली, काही विसरलंय का म्हणून.
बोरं घेणार होते. दहाला मूठभर सांगितली.
शून्य.
स्पर्धेला पाचपैकी किती गुण द्याल?
तिची वनिता राखीव होती,
शेवटच्या डावात दीड मिनिट खेळली.
त्या दीड मिनिटाला द्यायचे, तिनं विचारलं,
का सगळ्याला?

मला हे सरांनी शिकवलं नव्हतं.

तू कुठली गं?
मी म्हटलं, नाशिकचीच.
ती थांबली नाही.
फडक्याची गाठ दातानं सोडली,
भाकरी मोडली, आधी मोठा तुकडा बघितला,
मग तोच पुढं केला.

शून्यानं सरासरी खाली येते, सर संध्याकाळी म्हणाले,
हा बाजूला ठेवू.
मी म्हटलं, ती बाहेरची आहे सर, नियमात बसते.
आणि समासात, ओळ नव्हती तिथं, लिहिलं होतं ते दाखवलं:
बाहेरून शहरात आलेली,
नागलीची अर्धी भाकरी, लसणाची चटणी.
खाणारी स्थानिक.

सरांनी खोडलं नाही.
चष्मा वर करून दोनदा वाचलं,
आणि लाल पेननं शेजारी
बारीक अक्षरात विचारलं:
किंमत?