जा जा जा

कॅमेऱ्याचा स्टँड म्हणजे केळीला टेकू दिलेला बांबू,
त्याला सुतळीनं बांधलेला माझा फोन.
सासू म्हणजे सोपान कोळी,
मावशीचं निळं लुगडं नेसलेला, मिशी तशीच.
सून कुणी मिळेना, म्हणून सून कायम घरात असते
आणि सोपान दाराकडे बघून ओरडतो :
"व माय, भरीत झाकलं का नाही वं? तठी बकरी उभी!"

सावद्यात एवढ्यावर लोक हसतात.
फैजपुरात जरा कमी.

परवा पहाटे, गाडी भरायच्या आधी
निरोप आला. एकच शब्द, रोमन लिपीत.
मी मोठ्यानं वाचला : जा जा जा जा जा.
सोपानचा चेहरा पडला.
"कोन व्हय रे हा? इतकं काय वाईट केलं आपन?"
दोन दिवस त्यानं लुगड्याची घडी मोडली नाही.

मग चौधरींच्या मयुरीनं सांगितलं,
तिकडे ज लिहितात आणि ह वाचतात.
माणूस हसत होता!

त्याचं नाव वॉशिंग्टन. अमेरिकेतला नाही,
इक्वेडोरमधल्या माचालाचा.
आता आईबापांनी ठेवलं नाव, काय करणार,
आमच्याकडे नाही का कलेक्टर पाटील, पाचवी नापास.

त्यानं आमची सासू घेतली आणि तिला आपला आवाज दिला.
ओठ हलतात सोपानचे,
शब्द स्पॅनिश, सुपातून उडीद सांडावेत तसे.
भरीत त्याला ठाऊक नाही,
त्या जागी त्यानं दुसरंच काही शिजवलं. बकरी तीच.
मागे कुणाची तरी म्हातारी
खोकत खोकत हसते, ते त्यानं कापलं नाही.

आता आम्ही त्याचा काका घेतलाय.
भांडण त्याचं, शिव्या आमच्या, चाळून घेतलेल्या.
काका नेमका कुणावर चिडलाय, कळत नाही.
सोपान म्हणतो, आडत्यावर.
चिडलाय ना? मग आडत्यावरच.

काल रात्री काकाला मधेच थांबवलं,
दोन बोटांनी मोठा केला.
शर्टावर, डाव्या खिशाखाली
तपकिरी, वाकडेतिकडे ठिपके.
सोपानला दाखवले.
तो काही बोलला नाही, नुसता पदर पुढे केला.

केळीचा चीक.
मावशी अजून साबण बदलून बघतेय.