पान एकशे बारा

आमच्या बेटावर झाडं नाहीत.
वारा आहे, मेंढ्या आहेत,
आणि दर दुसऱ्या गुरुवारी
धक्क्याजवळ येऊन उभी राहणारी पुस्तकांची गाडी.
लाउरी गाडी चालवतो. मला लांबून बघितलं
की सीटखालून एक जाडजूड काढतो:
"ओस्ला, हे घे. यात तिघांना विष घातलंय.
खरंखुरं."

खरंखुरंच लागतं मला.
कल्पनेतले खून पचत नाहीत, आंबट ढेकर येतात.
गिब्बी म्हणतो, लोक झोपताना दूध पितात,
तू रक्त पितेस. माझंसुद्धा.
मग बऱ्या कानावर उशी घेऊन
बहिऱ्या कानाने जगाकडे पाठ करतो.

एकेचाळीस वर्षं बोटीची तिकिटं फाडली मी.
परतीचं तिकीट काढून न परतलेले
मोजले नाहीत,
पण त्यांच्या टोप्या आठवतात.
दिवसा कशाचाच छडा लागत नाही:
गुडघा नेमका कशाने दुखतो,
थोरली फोनवर इतकी हळू का बोलते,
रॉबीची होडी शांत समुद्रात कशी उलटली.
रात्री मात्र, दोनशे नव्वदाव्या पानाच्या आत
कुणीतरी पकडलं जातंच.
बोटांचे ठसे, पावती, शेजारणीची साक्ष.
मी चष्मा मिटते, दिवा मालवते
आणि लाकडाच्या ओंडक्यासारखी झोपते.
झाडं नसलेल्या बेटावर हे विशेषच.

परवाच्या पुस्तकात
दक्षिणेतलं एक बंदर होतं, कपडे धुण्याचा कारखाना,
आणि विनी ट्रॉट, वय वर्षं एकोणीस.
लेखकाने खुन्याला नव्वद पानं दिली होती:
त्याचं बालपण, त्याचे बूट, त्याची आई,
जेलमध्ये त्याने पाळलेला कावळा.
विनीला एक परिच्छेद.
"निळ्या डोळ्यांची, चारचौघींसारखी मुलगी."
मी बिस्किट मोडलं, पान उलटणार,
तोच समासात पेन्सिल दिसली.
बारीक, दाबून लिहिलेलं, शाळेत गिरवून घेतात तसं:

*डोळे तपकिरी होते.*

आणि त्याखाली, बहुधा दुसऱ्या दिवशी,
कारण पेन्सिलला टोक केलेलं होतं:

*तिला शिट्टी छान वाजवता यायची.*

बस्स. पुढे कुठेच काही नाही.
मी शेवटपर्यंत शोधलं, उजेडाला धरून शोधलं,
पुठ्ठ्याच्या आतसुद्धा.
पहिल्यांदा असं झालं
की खुनी सापडला
आणि मला झोप लागली नाही.

गुरुवारी लाउरीला विचारलं,
माझ्याआधी हे कुणी नेलं होतं?
त्याने तारखांचा कागद दाखवला. नुसते शिक्के.
सात वर्षांत चार जणांनी.
"बेटावरचंच कुणीतरी असेल," तो म्हणाला,
"किंवा नसेलही. पुस्तकं फिरतात."
मी आमच्या दुकानातल्या रांगेकडे पाहिलं.
मटणाचा रस्सा, दोरखंड, लॉटरीचं तिकीट.
कुणाची तरी बहीण होती ती. किंवा मैत्रीण.
किंवा आणखी काही, ज्याला त्या काळी नाव नव्हतं.
सगळ्यांचे चेहरे
वाऱ्याने घासून एकसारखे झालेले.

मी पुस्तक परत केलं नाही.
दंड साचतोय. साचू दे.
खोडरबरवाला कुणी येईल
या भीतीने नाही म्हणणार मी,
पण हो, त्या भीतीनेच.

काल रात्री वारा पडला होता.
एकशे बारावं पान उघडं ठेवून
एकाहत्तराव्या वर्षी मी ओठांचा चंबू केला.
आधी नुसती हवा.
मग कवळीतून फुसकी एक फुंकर.
तिसऱ्यांदा मात्र निघाली,
तिरकी, लांब, अंधाराच्या पार टोकाला जाणारी.

गिब्बी बहिऱ्या कानानेच हलला.
"अगं, किटली उतरव,"
म्हणाला,
"केव्हाची बोलावतेय."