प्रश्न क्रमांक एकोणीस

'गेल्या तीस दिवसांत तंबाखूविरोधी जाहिरात
पाहिली, ऐकली किंवा वाचली का?'
पाचपावलीच्या या गल्लीत सकाळपासून
अकराव्यांदा वाचते आहे, शब्द न बदलता.
शब्द बदलला की दिल्लीत आकडा हलतो,
असं ट्रेनिंगमध्ये सांगितलंय.

घनश्याम धकाते, वय छप्पन्न, विणकर.
माग भंगारात गेला,
आता इतवारीत साड्यांच्या घड्या घालतात.
'हाव, पायली. टाकीजमध्ये दोनदा.'
मी 'होय'ला गोल करते.

'पाकिटावरचं चित्र लक्षात आहे का?'
ते खिशातून खर्रा काढतात,
ठेल्यावर घोटघोटून ओला झालेला,
रबर गुंडाळलेली पन्नी उजेडात धरतात.
'दाखवा मॅडम, कुठं हाये चित्र?'
पन्नीपलीकडे मला त्यांचाच अंगठा दिसतो,
चुन्यानं सोललेला.
'लागू नाही' असा रकाना आहे. तो भरते.

आतून नात येते, गुंजन,
कमरेवर हात ठेवून
जाहिरातवाल्याचा जाड आवाज काढते.
वाक्य अर्धंच पाठ आहे,
उरलेलं नुसतं घुमवते.
'हिच्या पायी घरात खात नाई,' ते म्हणतात,
'मागाच्या खड्ड्यात उतरून खातो.'
माग गेला, खड्डा आहे अजून.
दिवसाला आधी किती पुड्या? सात.
आता?
'सातच. पन खड्ड्यात.'

'सोडण्याचा प्रयत्न केला का?'
'केला न. मारबतीच्या दिवशी.
सगळे वरडत होते, घेऊन जाय गे मारबत,
म्या बी पुडी फेकली तिच्या अंगावर.
तिसऱ्या दिवशी चौकात उभा.'
मी लिहिते: प्रयत्न एक, दिवस तीन.

निघताना ते तोंड उघडून दाखवतात.
तीन बोटं उभी जायला हवीत,
दीडच जातं.
'पानीपुरी फोडून खातो मॅडम,
पोरगी हासते.'
याला प्रश्न नाही.
मी समासात लिहिते: पाणीपुरी फोडून.
समास कॉम्प्युटरात जात नाही,
खोब्रागडे सर संध्याकाळी सांगतील,
फॉर्म मोजता मोजता, एका गालानं बोलत.

जाहिरात पोचली आहे.
टक्का चांगला येईल, अहवाल जाड होईल.

गोळीबार चौकात बस उभी राहिली तेव्हा
कोणी बघत नाही असं पाहून
मी माझी तीन बोटं उभी धरली.
गेली. जरा ताणून.
पर्समध्ये गोड सुपारीची पुडी होती,
जेवणानंतर लागते म्हणून.
तिचाही प्रश्न फॉर्मात नव्हता.