खवला

ओकेलोने आठ दिवसांच्या बोलीवर दिलंय.
प्लास्टिक स्वतःच्या नखाने सोडवलं
आणि म्हणाला, ओरखडा पडला तर तो तुमचा.
अठ्ठावीस हजार शिलिंग. नको असेल तर परत.

किसुमूच्या मासळी सोसायटीत मी हिशेब लिहिते.
बायकांनी भिशीतून एका यंत्रापुरतं बाजूला काढलंय:
दिवसा माझं, रात्री आवितीचं.
आविती माझ्या बहिणीची, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला.
तू बघ नीट, म्हणाल्या, तू चष्मा लावतेस.

आधी वजन केलं. मासळीच्याच तराजूवर.
एक किलो दोनशे, चार्जरसकट दीड.
शेजारच्या न्याबोकेने मान वर न करता विचारलं,
काय भावाने देतेस?

मग झाकण उघडलं
ते उघडतच गेलं,
जिथे थांबायला हवं तिथे थांबलं नाही,
मागे मागे जाऊन
स्वतःच्याच पाठीला पाठ लावून बसलं.
माझ्या छातीत धस्स झालं. मोडलं.
आविती हसत सुटली.
मावशी, त्याचेच तर पैसे घेतात.

सकाळी सातला, होड्या लागताना, धक्क्यावर नेलं.
उन्हात पडद्याचा आरसा झाला.
त्यात माझं कपाळ दिसलं, मागे तळं,
आकडा एकही नाही.
बर्फाच्या पेटीआड सूर्याकडे पाठ करून बसले
तेव्हा कुठे मंगळवारची उधारी उगवली.
ओल्या बोटाचं त्याला वावडं आहे.
तीनशेवर बोट ठेवलं, तीन लाख झाले.
न्याबोके म्हणाली, राहू दे तसंच.

पेन सोबत येतं, वेगळे पैसे नाहीत.
आवितीने त्याने काळीज काढलं,
चार कप्पे, झडपा, निळं रक्त, लाल रक्त.
रेघ हाताच्या जरा मागून येते,
घंटा झाल्यावर वर्गात शिरणाऱ्या पोरासारखी.
मी वहीत लिहिलं: पेन उशिरा येतं.
ती म्हणाली, हे लिहू नकोस ना.
मी खोडलं नाही.

खोक्यावर दहा तास छापलेत.
गुरुवारी वीज गेली, मी घड्याळ लावून बसले.
सहा तास आणि चाळीस मिनिटं.
तिने ते टेबलावर तंबूसारखं उभं केलं
आणि हाडांची नावं मोठ्याने म्हणत राहिली.
शेवटची पाच मिनिटं
त्याच उजेडात मी माझी दुसरी चप्पल शोधली.
हेही लिहिलं.

खरी भीती मला त्या बिजागरीची.
दारं बिजागरीतच मरतात, भिंतीत नाही.
शनिवारी रात्री आविती झोपल्यावर
मांडीवर घेतलं आणि मोजायला लागले.
उघड, मागे ने, पुढे आण, मीट.
सकाळी एकदा माझ्या हातात, रात्री एकदा तिच्या,
तीन वर्षं म्हणजे दोन हजारांवर.
तीनशे बाराला माझं मनगट बोललं.
बिजागरी गप्प होती.
पुढचे अठराशे मी तिच्या शब्दावर सोडले.

आज सभा. बायका एका सुरात विचारतात, कसं आहे?
आखूडशिंगी बहुदुधी हवं असेल तर नाही.
आवाज पत्र्याच्या डब्यातला.
एकावेळी चार कामं सांगितली तर रुसतं,
दोन सांगितली तर करतं.
आपणही तसंच करतो, न्याबोके पुटपुटली,
पण तो तिचा मुद्दा, अहवालात नाही.

ओकेलो आला. झाकणावर बोट फिरवलं
आणि कोपऱ्यात थांबला.
हा ओरखडा?
सगळ्या गप्प. आविती माझ्याकडे बघते.
मी चष्मा वर केला, नख लावलं.
तिलापियाचा खवला, वाळून चिकटलेला.
निघाला.
नखावर क्षणभर चमकत राहिला.

तो पदराला पुसून मी म्हटलं,
पेन उशिरा येतं रे.
दोन हजार कमी कर.