काळोख

केळूसच्या भट्टीवर मुंबईहून एक मुलगी आली,
लॅपटॉप उघडून म्हणाली, नाव बदलावं लागेल.
बारा परदेशी माणसांना तिने आमची रम दाखवली होती
आणि त्यांचे आवाज टिपून आणले होते.
कालोक. कॅलॉक. एकजण मध्येच हसत सुटला.
ळ तिकडे कुणाच्याच तोंडात मावत नाही,
आणि ख म्हणजे नुसतं खाकरणं.

इनासबाब ऐकत होते, चष्मा पुसत.
नाव त्यांच्या आज्याने ठेवलेलं.
एका रात्री दीपगृहाची बत्ती बंद पडली
आणि जुवांव तांडेलाची होडी
भट्टीतल्या मळीच्या वासावर किनाऱ्याला लागली, म्हणे.
खरं-खोटं तांडेलाला ठाऊक.
बिल मात्र त्याने कधीच दिलं नाही.

लेबलावरची अक्षरं माझ्या बापाची,
शिसवी ठोकळ्यावर उलटी कोरलेली.
का झाला, ख झाला, ळ सगळ्यात शेवटी:
दोन गाठी, मध्ये ताणलेला दोर.
आरशात बघून म्हणाला, आता धरलान.
तोच ठोकळा मी छत्तीस वर्षं
शाई लावून दाबत आलो.
श्रावणात खळ सुकायची नाही, लेबलं सुटायची,
चिकटवणाऱ्या बायका माझा उद्धार करायच्या.

नवं नाव मिडनाइट कोव्ह.
सोनेरी, उठावाचं, बाहेरून छापून येणार.
मुलीने मला विचारलं, काका, कसं वाटतं?
छान आहे, म्हटलं.
खोटं नव्हतं ते. अक्षरं छानच होती.
इनासबाबांनी सही केली,
चार महिन्यांचे पगार थकले होते
आणि त्यातला एक माझा.

तेवढ्यात वीज गेली, रोजच्यासारखी.
मुलगी खुर्चीतच थिजली.
मागे बुचं दाबत बसलेली गुलाबा कुणालाच उद्देशून नाही, अशी म्हणाली,
"काळोख झालो गे बाये,"
आणि काड्यापेटी चाचपू लागली.

ठोकळा मी मागून घेतला.
स्कूटरच्या डिकीत तो म्हापणच्या चढावर
खडखडत राहिला.
हेल्मेटच्या आत, कुणी ऐकत नाही असं बघून,
मी नुसता ळ म्हणून पाहिला.
जीभ मागे वळते,
टाळूला टेकते,
सुटते.
एवढंच तर करायचं असतं.