पुठ्ठ्याची कोरी बाजू

मुकादम एडके म्हणाले, बाई, स्टेज कुठं टाकू?
टाकू नका, म्हटलं.
मग माईक? हार? एक तरी नारळ?
नारळ असू द्या, शेवटी खाऊ.

तासगावच्या बाहेर, सावळज रस्त्याला बेदाण्याची शेड,
गंधकाचा वास पत्र्यात मुरलेला.
रोज या बायका रांगेत बसतात,
जाळीच्या दोन्ही अंगांना, माना खाली,
हिरवा इकडं, काळा तिकडं, काडी दिसली की बाहेर.
त्यांना म्हटलं, आज गोल बसू.

गोल काही होईना.
एका बाजूनं पोट सुटलं,
आणि दाराशी राहिली एक फट,
जिथं कुणीच क्रेट ठेवलं नाही.
ती मी तशीच राहू दिली.

अजेंडा काय, एडक्यांनी विचारलं.
मी रिकामे बॉक्स उसवले,
छापलेली द्राक्षं जमिनीकडं, कोरी बाजू वर,
त्यावर चार मार्कर ठेवले
आणि गप्प बसले.

गप्प बसायचे पैसे मिळतात
हे माझ्या नवऱ्याला अजून पटलेलं नाही.
पहिल्या मिनिटाला पंखा ऐकू येतो.
दुसऱ्याला कुणाच्या तरी बांगड्या.
तिसऱ्याला वाटतं, आपणच काहीतरी बोलावं,
टाळ्या तरी वाजवायला लावाव्यात.
जीभ दातांमागं दाबून धरली.

शालन उठली. "मला लिवता येत न्हाई.
जुलेखा, लिव गं : संडासाची कडी."
सगळ्या हसल्या. मग हसायच्या थांबल्या.
जुलेखानं लिहिलं, आणि त्याच दमात
दुसऱ्या पुठ्ठ्यावर स्वतःचं :
वजन कोण करतं?

एडके खोकल्यासारखं करू लागले.
मी एक मार्कर त्यांच्याकडं सरकवला.

गाड्या भरणाऱ्या आबासो डोंबाळेनं लिहिलं,
शेडमधे गाणी लावावीत का, आणि कुठली.
सगळ्यात जास्त गर्दी तिथं झाली, काय सांगू.

नियम एकच सांगितला होता :
जिथं बसून आपला उपयोग नाही, आपल्यालाही नाही,
तिथून उठायचं. दुसरीकडं जायचं. कुणी रागवायचं नाही.
"उठायचं? न इचारता?" फुलाबाई म्हणाली.
व्हय.
ती उठली, दारातल्या फटीतून बाहेर गेली,
उन्हात उभी राहिली थोडा वेळ,
परत आली.
"बगत हुते, कोण काय म्हणतंय का."
चौदा हंगाम झाले तिला इथं.

कडीचं चार मिनिटांत मिटलं.
वेळ उरला म्हणून मी तो भरला नाही.
वजनाच्या पुठ्ठ्याभोवती डोकी एकमेकांना टेकलेली,
आवाज बारीक. मी तिकडं फिरकले नाही.
कुठं जायचं नाही, एवढंच तर मी
इतक्या वर्षांत शिकले आहे.

एडक्यांनीही शेवटी लिहिलं होतं, ठळक अक्षरात : शिस्त.
त्यांच्यापाशी कुणी आलं नाही.
क्रेटवर एकटे, गुडघ्यांवर हात,
फोटोसाठी बसवल्यासारखे.
आणि मला, खरं सांगते, आधी बरं वाटलं,
नंतर बरं वाटेना.

तेवढ्यात फुलाबाईच गेली.
"काय लिवलंय, वाचून दावा."
त्यांनी वाचलं.
"आन म्हंजी काय वं?"
एडक्यांनी तोंड उघडलं,
मिटलं,
आणि तंबाखूची पुडी तिच्यापुढं धरली.
दोघं बसून राहिली तशीच.

निघताना एडके म्हणाले, ते पुठ्ठे इकडं द्या, ऑफिसला लागतील.
कडीचा दिला. गाण्यांचा दिला.
वजनाचा जुलेखानं चार घड्या घालून
डब्याच्या पिशवीत ठेवला होता,
त्यावर भाकरीचं फडकं.

नारळ फोडायचा राहिला.
मी नळावर हात धूत होते.
आबासोनं दुपारीच स्क्रू पिळले असावेत,
कारण आतून कुणीतरी
कडी लावत होतं, काढत होतं,
लावत होतं.